पन्नाशीपलीकडचे अक्षर

१९५९ साली, महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेस अद्याप एक वर्षाचा अवकाश असताना आणि सातारा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्याच्या अंमलाखाली असताना, त्या जिल्ह्यात ‘ग्रामशिक्षण मोहीम’ या नावाने जो उपक्रम सुरू झाला, तो या देशातील प्रौढशिक्षणाच्या इतिहासातील एक अत्यंत उज्ज्वल प्रकरण आहे, असे म्हणण्यास मुळीच प्रत्यवाय नाही. दिवसभर शेतात राबलेली माणसे रात्री जेवणखाण उरकून देवळाच्या सभामंडपात किंवा चावडीत जमत आणि कंदिलाच्या उजेडात पाटीवर अक्षरे गिरवीत. शिकवणारे बहुधा गावचे प्राथमिक शिक्षक किंवा गावचीच चार बुके शिकलेली मुले असत, आणि हे काम ती बिनमोबदला करीत. गावातील १४ ते ५० वर्षे वयाची स्त्रीपुरुष मंडळी साक्षर झाली म्हणजे ‘ग्रामगौरव समारंभ’ होई, आणि निरक्षरतेला पुन्हा गावात थारा देणार नाही, अशी शपथ ग्रामदैवताच्या साक्षीने घेतली जाई. पुढील काही वर्षांत ही मोहीम राज्याच्या इतर जिल्ह्यांत पसरली, आणि १९७२ साली युनेस्कोने नादेझदा क्रुप्स्काया यांच्या नावाचे साक्षरतेचे पारितोषिक देऊन तिचा गौरव केला.

त्या मोहिमेने घातलेल्या वयाच्या अटीपाशी मात्र आज थांबावेसे वाटते. पन्नाशीपलीकडच्या माणसांना त्या वर्गांत कोणी मज्जाव केला असेल असे नाही. परंतु गाव साक्षर झाले की नाही हे ठरविताना त्यांची गणना होत नसे, आणि ज्याची गणना होत नाही त्याच्यासाठी सरकारदरबारी कसलीच तजवीज होत नाही, हा जुनाच शिरस्ता आहे. त्या काळाच्या दृष्टीने ही अट अन्यायाची होती असेही म्हणवत नाही. त्या दशकात भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान जेमतेम ४१ वर्षांचे होते. १९५१ च्या खानेसुमारीत शंभरांतील अठरा माणसेच साक्षर आढळली होती आणि स्त्रियांत तर हे प्रमाण शेकडा नऊसुद्धा नव्हते. एवढा अफाट समुदाय समोर असताना, हाती असलेले थोडके बळ तरुणांवर आणि कर्त्या माणसांवर खर्च करावे असे चालकांना वाटले, यात नवल नाही. पुढे २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ही रेघ आणखी अलीकडे सरकली आणि १५ ते ३५ वर्षे वयाची माणसे हेच त्याचे लक्ष्य ठरले. १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता अभियानानेही तीच मर्यादा कायम ठेवली.

या तीन तारखा एका बाईच्या आयुष्याशेजारी मांडून पाहाव्यात. १९४० च्या सुमारास एखाद्या कोरडवाहू गावात जन्मलेली मुलगी शाळेत गेली नाही, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कोणी नव्हते. १९५९ साली ती एकोणीस वर्षांची होती, परंतु मोहीम अद्याप तिच्या जिल्ह्यात पोहोचली नव्हती, आणि पोहोचली तेव्हा तिच्या कडेवर मूल होते. १९७८ साली ती अडतीस वर्षांची झालेली, म्हणजे रेघेच्या पलीकडे. १९८८ साली तर अठ्ठेचाळीस. प्रत्येक वेळी सरकार तिच्या दाराशी आले ते एक तर फार लवकर, नाही तर फार उशिरा. आज ती पंच्याऐंशीच्या घरात आहे, आणि स्मृतिभ्रंश या विकाराचा धोका ज्या वयात सर्वाधिक असतो ते हेच वय. शिक्षणखात्याच्या वयोमर्यादेचा इतिहास आणि गावोगावच्या वृद्धांच्या विस्मरणाचा इतिहास असे दोन निराळे विषय आपण आजवर मानीत आलो. ते एकच आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वैद्यकशास्त्राला हे उमगायला बराच काळ लागला. जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्युबिंगेन येथे एका मध्यमवयीन स्त्रीच्या विलक्षण विस्मृतीची आणि तिच्या मेंदूत मृत्यूनंतर आढळलेल्या विकृतीची हकिकत सांगितली, आणि १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथात त्या विकाराला अल्झायमरांचे नाव दिले. परंतु पुढे साठाहून अधिक वर्षे हा विकार क्वचित आढळणारा आणि उतारवयाच्या आधीच गाठणारा असाच समजला गेला, व म्हाताऱ्या माणसाचा विसराळूपणा हा वयाचाच धर्म मानला गेला. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून त्याची बोळवण होई, एवढाच काय तो फरक. रॉबर्ट काट्झमन यांनी १९७६ साली एका संपादकीय लेखात, वृद्धांमधील हा विसर म्हणजे तोच रोग आहे आणि तो मोठ्या प्रमाणावर पसरलेला आहे, असे ठामपणे मांडले, तेव्हा कोठे दृष्टी बदलू लागली. त्यांचाच सहभाग असलेल्या आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या शांघाय शहरातील पाहणीत, शाळेचे तोंड न पाहिलेल्या वृद्धांत हा विकार शिकलेल्यांपेक्षा ठळकपणे अधिक आढळला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०१७, २०२० आणि २०२४ साली आपले अहवाल प्रसिद्ध केले. त्यांतील शेवटच्या अहवालात टाळता येण्याजोगी अथवा सौम्य करता येण्याजोगी १४ कारणे नोंदवली असून, ती सर्व दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबणीवर पडेल, असा अंदाज दिला आहे. त्या कारणांत बालपणी मिळालेले तुटपुंजे शिक्षण आहे. आणि त्याच्या जोडीला उच्च रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणे, दृष्टी अधू होणे, धूम्रपान, डोक्याला झालेली इजा, खिन्नता, एकटेपण आणि हवेतील धूर अशी, खेड्यातील कोणत्याही घरात सहज सापडतील अशी, कारणे आहेत.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जी स्त्री निरक्षर आहे ती बुद्धीने उणी आहे, असा अर्थ यातून कोणी काढील तर तो घोर अन्याय होईल. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या; त्या ज्यांच्या मुखातून आल्या त्यांतील बहुसंख्य बायांना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. पहाटेच्या अंधारात, दोन्ही हात जात्याच्या खुंट्यावर असताना, माहेर, भाऊ, पंढरी, राम, सीता अशा विषयांच्या क्रमाने ओवीमागून ओवी सांगत जाणे, आणि एखादी अडली तर समोरच्या बाईने ती उचलून पुढे नेणे, ही स्मरणशक्तीची केवढी कसोटी आहे, हे ज्याने त्या ओव्यांचा अभ्यास केला असेल त्यालाच कळेल. गावात पिठाची गिरणी आली, जाते उखळापाशी उभे करून ठेवले गेले, आणि बायांच्या डोईवरचे कष्ट उतरले, ही अतिशय इष्ट गोष्ट झाली. परंतु त्या कष्टांबरोबर स्मरणाचा तो नित्याचा व्यायामही गेला आणि त्याच्या जागी अक्षर मात्र आले नाही.

निरक्षर म्हणजे बुद्धीने उणे नव्हे, ही गोष्ट संशोधकांच्याही लक्षात यावी लागली. स्मृती तपासण्यासाठी १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली जी प्रश्नावली जगभर रूढ झाली, तीत शंभरातून सात सात वजा करीत जाणे आणि एक वाक्य लिहून दाखविणे अशा कसोट्या होत्या; हरियाणातील बल्लभगड येथे मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरक्षर ग्रामस्थांसाठी १९९५ साली तिचे रूपांतर केले, त्यात वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे सांगायला सांगितले आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगा, असे विचारले. या प्रश्नावलीच्या आधारे झालेल्या पाहणीत बल्लभगडच्या खेड्यांत अल्झायमरचा विकार आश्चर्य वाटावे इतका कमी आढळला. खेड्यातील साधी राहणी हे त्याचे कारण असे मानून पुष्कळांनी समाधान करून घेतले. परंतु रोग आहे असे म्हणण्यासाठी माणसाच्या रोजच्या कामकाजात बिघाड दिसावा लागतो, आणि जिच्याकडून घरातल्या कोणत्याच कारभाराची अपेक्षा उरलेली नाही, जिच्या चाव्या केव्हाच सुनेच्या कमरेला गेल्या आहेत, तिचा बिघाड दिसणार तरी कसा? अलीकडे साऱ्या देशात झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीने तो भ्रम बराच दूर केला. तिच्या अंदाजानुसार साठ वर्षांवरील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लक्ष माणसे असून, ते पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत अधिक आहे.

हे सारे टळले असते काय, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी आणि मजूर स्त्रीपुरुषांसाठी पुण्यात रात्रीची शाळा काढली, तेव्हा त्यांनी वयाची रेघ ओढल्याचे कोठे दिसत नाही. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडाची तरतूद केली. त्या हुकुमाचा अंमल सबंध मराठी मुलखात त्याच सुमारास झाला असता, तर आज ज्या आजीबाईंविषयी आपण लिहीत आहो त्यांच्या आईसुद्धा लिहितावाचत्या झाल्या असत्या. मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळाने १९३८-३९ च्या सुमारास प्रौढशिक्षणाला हात घातला खरा, पण लवकरच महायुद्ध आले, मंत्रिमंडळ गेले, आणि ते काम मुंबईसारख्या शहराबाहेर फारसे खोल रुजले नाही.

अक्षर पोहोचले नाही तेथे आरोग्याचे ज्ञान मुळीच पोहोचले नाही, असे मात्र नव्हे. ते कानांनी पोहोचले. गाडगे महाराज गावात शिरत ते हाती खराटा घेऊन, दिवसभर गावाच्या वाटा झाडीत, आणि रात्री कीर्तनाला उभे राहिले म्हणजे श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत. या प्रश्नोत्तरांच्या पद्धतीत मला फार मोठे मर्म दिसते. ऐकलेली गोष्ट कानावरून जाते. स्वतःच्या तोंडाने चारचौघांत उच्चारलेली गोष्ट मनात राहते. तुकडोजी महाराजांनीही आपल्या ‘ग्रामगीते’त ग्रामआरोग्याला स्वतंत्र अध्याय दिला, तो गटाने मोठ्याने वाचला जावा, याच हेतूने.

याच मर्माला शास्त्रीय पुराव्याची जोड मिळाली ती पुणे आकाशवाणीच्या एका प्रयोगाने, आणि तो प्रयोग आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे याचे मला मनापासून दुःख होते. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापण्यात आली. आठवड्यातून दोनदा, अशा एकूण वीस कार्यक्रमांत शेती, आरोग्य, साक्षरता, ग्रामकारभार असे विषय सांगितले जात; मंडळातील वीसेक माणसे रेडिओभोवती बसून ते ऐकत, आणि रेडिओ बंद झाल्यावर खरे काम सुरू होई, म्हणजे ऐकलेल्या गोष्टीवर आपापसांत खल चाले, शंका निघत, आणि काय करावयाचे ते ठरे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी केली: जेथे रेडिओ होता परंतु मंडळ नव्हते, आणि जेथे रेडिओही नव्हता. मंडळाच्या गावांत ज्ञानाची वाढ फार मोठी आढळली. नुसत्या रेडिओच्या गावांत ती नगण्य होती. जाहिरात, भिंतीवरचे फलक, आणि आता भ्रमणध्वनीवरून येणारे संदेश यांवर जो खर्च होतो तो पाहिला म्हणजे वाटते, की १५० गावांनी ७० वर्षांपूर्वी दिलेला हा निर्वाळा आपण वाचलाच नाही.

पुढे १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्याचा जो प्रकल्प उभारला, त्यात गावातीलच बायांना, त्यांतील अनेकींना अक्षरओळखही नसताना, आरोग्यसेविका म्हणून तयार केले गेले. त्या एकत्र बसून शिकल्या, एकमेकींना विचारून शिकल्या, आणि गावाचे बाळंतपण, मुलांची हगवण, पिण्याचे पाणी यांत त्यांनी पालट घडवून आणला. निरक्षर माणूस आरोग्याचे शास्त्र आत्मसात करू शकतो, हे जामखेडने निर्विवाद सिद्ध केले. परंतु तेव्हाचा अग्रक्रम माता आणि बालके हा होता, आणि तो योग्यच होता. वृद्ध मनुष्य सरकारी आरोग्यव्यवस्थेच्या नजरेस पडे तो बहुधा मोतीबिंदूच्या शिबिरातच. वृद्धांच्या आरोग्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम निघायला २०१० साल उजाडावे लागले.

आज गावात आशाताई येते. तिच्या हातात जो तपासणीचा तक्ता असतो त्यात साठीपुढच्या माणसांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता आपण विसरता का? ओसरीवर भिंतीला टेकून बसलेल्या आजींना आशाताई तो विचारते, आणि आजींच्या आधी घरातलेच कोणी उत्तर देते, की आता वय झाले, थोडे विसरणारच. तक्त्यावर ‘नाही’पुढे खूण होते. मग आशाताई गोळ्यांविषयी विचारते. आजी उठून फडताळातून एक प्लास्टिकची पिशवी आणतात. तीत घडी घातलेला केसपेपर, कडेने कापलेली पट्टी, एक बिननावाची पुडी. बीपीची गोळी कोणती, हे त्या रंगावरून ओळखतात. गेल्या महिन्यात सरकारी दवाखान्यातून त्याच औषधाची दुसऱ्या रंगाची गोळी मिळाली, तेव्हा ती आपली नव्हे असे समजून त्यांनी ती घेतली नाही, आणि बरेही वाटत होते म्हणून पुढे कोणाला विचारले नाही. बरे वाटत असताना रोज गोळी कशासाठी घ्यायची, हे त्यांना आजवर कोणी बसून सांगितलेले नाही. चढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही, आणि वर्षानुवर्षे मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या खराब करीत राहतो. स्मृतिभ्रंशाच्या कारणांतील औषधाने सर्वांत सहजपणे आवरता येण्याजोगे हे कारण, आणि ते एका रंगापाशी अडले आहे. त्यांच्या कानांचेही तसेच. कमी ऐकू येऊ लागले म्हणून त्यांनी एकादशीच्या भजनाला जाणे सोडले. घरच्यांनी तो वैराग्याचा भाग समजला.

उतारवयात अक्षर शिकल्याने स्मृतिभ्रंश टळतोच, असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा अद्याप नाही, आणि ‘लॅन्सेट’च्या अहवालातले कारण बालपणीच्या शिक्षणाविषयीचे आहे, हे विसरता कामा नये. परंतु फिनलंडमध्ये ६० ते ७७ वर्षांच्या १,२६० माणसांवर दोन वर्षे चाललेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने आहार, व्यायाम, बुद्धीची कामे आणि रक्तदाबादींवर देखरेख या सर्वांचा एकत्र अवलंब केला असता वृद्धांची बुद्धी तुलनेने चांगली टिकते, हे दाखविले आहे. साठीनंतर काही उपयोग नाही, ही समजूत त्याने मोडीत काढली. आणि ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे या लहानशा गावात शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी सुरू केलेली ‘आजीबाईंची शाळा’ पाहिली म्हणजे साताऱ्याच्या मोहिमेने जी माणसे गणतीतून सोडली, तीच येथे पहिल्या बाकावर येऊन बसली आहेत असे वाटते. साठपासून नव्वदीपर्यंतच्या बाया गुलाबी लुगड्याच्या गणवेशात, पाटी-दप्तर घेऊन, दुपारची कामे उरकून शाळेत येतात. सही करतात, बाराखडी म्हणतात, चार समवयस्क बायांत हसतात. रोज घराबाहेर पडणे, चालणे, ऐकणे, बोलणे, नवे काही डोक्यात घेणे, हे जे वैद्यलोक सांगतात, ते त्या शाळेत कोणी औषध म्हणून न देताच घडते.

सरकारी रेघ आता पुसली गेली आहे. २०२२ पासून सुरू असलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात, ज्याला ‘उल्लास’ असेही म्हणतात, १५ वर्षांपुढील सर्वांना प्रवेश असून वरची मर्यादा नाही, आणि अक्षर-अंकांच्या जोडीला आरोग्याचे ज्ञान हाही त्याचा एक भाग ठरविलेला आहे. १७ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्रात त्याची परीक्षा झाली तेव्हा नातवंडांचा हात धरून आलेली म्हातारी माणसे गावोगावच्या शाळांत पेपर लिहायला बसली होती. नवसाक्षरांच्या हाती वाचायला काही पडत नाही म्हणून त्यांचे अक्षर दोन-चार वर्षांत पुसून जाते, हा अनुभव साताऱ्यापासूनचा आहे. तेव्हा त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या आजी-आजोबांसाठी ठळक, टपोऱ्या टायपातले एक पुस्तक निघावे. त्यात बीपीच्या गोळीचे नाव वाचायला शिकविणारा धडा असावा, चुलीच्या धुराचा असावा, कानाच्या यंत्राचा असावा, आणि कोणी नेहमीच्या वाटेवर चुकू लागले तर त्याला कोणत्या दवाखान्यात न्यावे, याचा असावा. आणि ते प्रत्येकाला घरी नेऊन न देता, जेथे भजनी मंडळ बसते तेथे, वीस माणसांत, मोठ्याने वाचले जावे, वाचून झाल्यावर त्यावर बोलणे व्हावे, आणि ज्यांना ऐकू कमी येते त्यांना वाचणाऱ्याच्या अगदी जवळ जागा मिळावी.